ब्रेक आणि हायड्रॉलिक क्लचमधील हवा घरी कशी काढावी

ब्रेकचे पेडल दाबताना पायाखाली भिजलेला स्पंज आहे असे वाटू लागले, किंवा पहिल्या दाबाला खोल जाणारे पेडल दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला वर येऊ लागले, की गॅरेजमध्ये ठरलेले निदान ऐकू येते : ‘लाइनमध्ये एअर आहे.’ बहुतेक वेळा ते बरोबर असते. पेडलपासून चाकापर्यंतच्या नळ्यांमध्ये फक्त द्रव असला पाहिजे, कारण द्रव दाबून लहान होत नाही आणि पायाचा जोर जसाच्या तसा चाकाजवळच्या पिस्टनपर्यंत पोहोचवतो; हवा मात्र दाबली की आक्रसते, आणि पायाचा जोर तिला आक्रसवण्यातच खर्च होतो. ती हवा बाहेर काढण्याचे काम घरी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, साध्या हत्यारांनी एका दुपारी होऊ शकते. त्यात ताकदीचा भाग फार थोडा आहे. पाना फिरवणारा आणि पेडलवर बसलेला यांच्यातील ताळमेळ आणि ऑइलच्या डबीवर ठेवलेली नजर यांवर सगळे यशापयश ठरते.

आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते खरे तर तेल नव्हे. प्रतीच्या मानकाप्रमाणे पडणारे डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे तिन्ही प्रकार ग्लायकॉल इथर या वर्गातील रसायनांपासून बनतात आणि हवेतील बाष्प शोषून घेणे हा त्यांचा स्वभावच आहे. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवा असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले की तोच १५५ अंशांपर्यंत उतरलेला चालतो, असे मानक सांगते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. आंबोली किंवा आंबेनळीसारखा लांब घाट ब्रेकवर पाय ठेवूनच उतरला, तर पुढच्या चाकांचे कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड आवळणारे भाग, इतके तापतात की जुन्या, पाणी मुरलेल्या ऑइलची तेथल्या तेथे वाफ होऊ शकते. वाफ हवेसारखीच दाबली जाते आणि पेडल एकाएकी तळाला जाते. म्हणून पेडल घट्ट लागत असले तरी ऑइल ठरावीक काळाने बदलावे लागते. अनेक कंपन्या दर दोन वर्षांनी बदलण्यास सांगतात, आणि कोकणच्या दमट हवेत ही मुदत ताणू नये, असे माझे मत आहे. नवे ऑइल फिकट पिवळसर असते. डबीतले ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचे दिसू लागले, की वेळ झाली असे समजावे.

हवा नसताना हवा काढत बसू नये

पाना हातात घेण्यापूर्वी निदान तपासून घ्यावे, कारण मऊ किंवा खोल पेडलची इतरही कारणे असतात. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबावे, म्हणजे बूस्टरमधील (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागातील) निर्वात संपतो आणि पेडल कडक होते. मग ते एकसारख्या जोराने दाबून अर्धा मिनिट धरून ठेवावे. पेडल हळूहळू खाली सरकत असेल आणि बाहेर कोठेही गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या (पेडलचा जोर ऑइलवर देणाऱ्या सिलिंडरच्या) आतील रबरी सील ऑइल मागे सोडत आहेत. कितीही हवा काढली तरी हा दोष जाणार नाही. पेडल खोल जाते पण तळाशी पोहोचल्यावर स्पंजासारखे न वाटता टणक लागते, आणि हँडब्रेकही नेहमीपेक्षा जास्त टकटक करत वर येतो, असे असेल तर मागच्या ड्रममधील लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारे पट्टे) सैल पडलेले असण्याची शक्यता अधिक. तेथे आधी लायनरचे सेटिंग करावे लागते. जुन्या गाडीत आणखी एक गोष्ट पाहावी. मदतनिसाला पेडल जोरात दाबायला सांगून चाकाजवळची रबरी नळी मुठीत धरावी. ती हाताला फुगल्यासारखी जाणवली, तर नळीच बदलायला हवी.

ऑइलची पातळी उतरली म्हणजे गळतीच आहे असेही नाही. पॅड झिजले की कॅलिपरचे पिस्टन बाहेर सरकतात आणि त्यांच्यामागची जागा भरून काढण्यासाठी डबीतील ऑइल खाली जाते. पातळी एकदम उतरली असेल, किंवा एखाद्या चाकाच्या आतल्या बाजूला ओलसर डाग दिसत असेल, तर मात्र गळती शोधून ती बंद केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

हायब्रीड आणि इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये ब्रेकचा दाब इलेक्ट्रॉनिक यंत्रणा निर्माण करते, आणि काहींमध्ये नुसता दरवाजा उघडला तरी पंप सुरू होतो. अशा गाडीचे काम स्कॅनर (गाडीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला जोडायचे यंत्र) असलेल्या ठिकाणीच करून घ्यावे. साध्या एबीएसच्या (जोरात ब्रेक लावल्यावर चाके जखडू न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत ऑइल बदलायला किंवा चाकाजवळची हवा काढायला बहुधा अडचण येत नाही; अट एवढीच, की डबी रिकामी होऊन एबीएसच्या मॉड्युलेटरमध्ये, म्हणजे दाब कमी-जास्त करणाऱ्या भागात, हवा शिरता कामा नये. तेथे अडकलेली हवा काढायची, तर आतील झडपा स्कॅनरने उघडबंद कराव्या लागतात आणि ते घरी जमत नाही.

साहित्य

डॉट क्रमांक डबीच्या झाकणावर छापलेला असतो, तोच घ्यावा. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालते, उलट करू नये. डॉट ५ हे नाव ५.१ सारखे दिसत असले तरी ते सिलिकोनचे ऑइल आहे आणि बाकीच्यांत मिसळत नाही, म्हणून दुकानातून बाटली घेताना दशांशचिन्ह नीट वाचावे. चारही चाके आणि क्लच मिळून लहान गाडीला साधारण एक लिटर पुरते. सीलबंद, लहान बाटल्या घेणे बरे : एक संपली की दुसरी फोडता येते. मागच्या वर्षी अर्धी वापरून झाकण लावून ठेवलेली बाटली कपाटात सापडली, तरी ती वापरण्याचा मोह टाळावा. तिने वर्षभर बाष्प शोषलेले असते. इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंगचे ऑइल किंवा डिझेल यांचा एक थेंबही या यंत्रणेत जाता कामा नये. खनिज तेलाने आतील रबर फुगते आणि मग एकेक सील बदलत बसावे लागते. डबी पुसायलाही पेट्रोलचे फडके वापरू नये.

बाकीचे साहित्य मामुली आहे. निपलला, म्हणजे चाकाजवळच्या हवा काढण्याच्या स्क्रूला, बसणारा रिंग पाना लागतो. बहुतेक गाड्यांत तो ८, १० किंवा ११ मिलिमीटरचा असतो. उघड्या तोंडाचा पाना निपलचे कोपरे गोल करतो, म्हणून तो टाळावा. निपलवर घट्ट बसणारी हातभर पारदर्शक नळी, एक पारदर्शक बाटली, ऑइल उपसायला मोठी सिरिंज, हातमोजे, चष्मा, भरपूर फडकी आणि एक बादली पाणी एवढे जवळ असावे. पाणी अशासाठी, की ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर सांडले तर काही मिनिटांतच रंग सुटू लागतो. पुसण्याने ते पसरते, पाण्याने मात्र धुऊन जाते. आणखी एक वस्तू मी आवर्जून ठेवतो : दीड-दोन इंच जाडीचा लाकडी ठोकळा. त्याचे काम पुढे येईल.

गाडी उचलताना

गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर उभी करावी. मागची चाके उचलायची असतील तेव्हा हँडब्रेकवर विसंबून राहू नये. बहुतेक गाड्यांत तो मागच्याच चाकांना लागतो आणि ती चाके तर हवेत असतात. पुढच्या चाकांच्या दोन्ही बाजूंना दगड किंवा ठोकळे लावावेत आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी. जॅक हा गाडी उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नव्हे. उचललेली गाडी कंपनीने सांगितलेल्या जागी लोखंडी घोडीवरच (स्टँडवर) टेकवावी आणि मग चाके काढावीत. विटांची चळत रचून तिच्यावर गाडी ठेवलेली मी पाहिली आहे, आणि त्या गाडीखाली झोपलेला माणूसही पाहिला आहे. वीट आधी तडा जाण्याची सूचना देत नाही, ती थेट फुटते. घोडी नसेल तर त्या दिवशी काम करू नये.

काही गाड्यांत, विशेषतः सामान वाहणाऱ्या गाड्यांत, मागच्या ॲक्सलवर वजनानुसार ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारी झडप असते. मागची चाके लोंबकळत असली की ही झडप मागचा दाब तोडते आणि निपलमधून ऑइल नीट येत नाही. अशा गाडीत ॲक्सलखालीच आधार द्यावा, म्हणजे स्प्रिंग नेहमीसारखी दबलेली राहते.

डबी आणि निपल

सुरुवात डबीपासून करावी. झाकणाभोवतीची धूळ ओल्या फडक्याने पुसल्यावरच झाकण उघडावे. सिरिंजने जुने ऑइल उपसून काढावे, पण तळाची भोके उघडी पडतील इतके नाही. मग नवे ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरावे. या एका पायरीने पुढचे बरेच श्रम वाचतात, कारण डबीतले मळके ऑइल सगळ्या नळ्यांतून ढकलत बसावे लागत नाही.

निपल हा मुळात मधून पोकळ असलेला लहानसा स्क्रू आहे. त्याचे निमुळते टोक आतल्या तशाच बैठकीवर दाबून बसते आणि ऑइल तेथेच अडते. आट्यांचा ऑइल अडवण्याशी संबंध नाही. म्हणूनच निपल जोर लावून आवळण्याची गरज नसते. समुद्राजवळ राहणाऱ्यांच्या गाड्यांत निपल गंजून गच्च बसलेले असते. आदल्या रात्री त्याच्या मुळाशी गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे, सकाळी तारेच्या ब्रशने साफ करावे आणि पाना लावून हलक्या हातोडीने पान्याच्या टोकावर टकटक करावे. एकाच दिशेने जोर लावू नये. किंचित आवळायचे, किंचित सोडायचे, असे करत करत ते हलवावे. तरीही हलत नसेल तर थांबावे. निपल मोडले की कॅलिपर उतरवून मोडका तुकडा कोरून काढावा लागतो, आणि काही रुपयांच्या निपलपायी ते काम ओढवून घेण्यात अर्थ नाही.

कॅलिपर नुकतेच उतरवून बसवले असतील तर निपल वरच्या टोकाला आहे ना, हे पाहावे. डाव्याचे कॅलिपर उजव्याला बसवले गेले तर निपल खाली येते, हवा वर अडकून राहते आणि माणूस दोन लिटर ऑइल ओतूनही चक्रावलेलाच राहतो.

दोघांनी करायचे काम

एकाने पेडलवर बसावे, दुसऱ्याने चाकाशी. निपलवर आधी रिंग पाना, मग नळी चढवावी. नळीचे दुसरे टोक बाटलीत ओतलेल्या दोन बोटे नव्या ऑइलमध्ये बुडालेले असावे. नळी निपलवरून आधी थोडी वर चढून मग खाली बाटलीत उतरेल अशी ठेवावी, म्हणजे बुडबुडे निपलकडे परत येत नाहीत.

आता ठोकळा. जुन्या गाडीच्या मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टन रोजच्या वापरात जेवढा सरकतो तेवढाच भाग गुळगुळीत राहिलेला असतो, त्यापुढे गाळ आणि गंज साचतो. हवा काढताना पेडल तळापर्यंत गेले की रबरी सील त्या खरबरीत भागावरून घासले जातात, आणि आदल्या दिवशी चांगला चालणारा सिलिंडर दुसऱ्या दिवशी ऑइल सोडू लागतो. पेडलखाली ठोकळा ठेवला की ते तेवढे खोल जाऊच शकत नाही.

इंजिन बंदच ठेवावे. पेडलवरच्या माणसाने तीन-चार वेळा सावकाश दाबून शेवटी पाय दाबूनच ठेवायचा. चाकाजवळच्या माणसाने निपल पाव ते अर्धा वळसा सोडायचे. ऑइल नळीत येते आणि पेडल खाली जाते. पेडल ठोकळ्याला टेकण्याच्या आधी निपल बंद करायचे, आणि निपल बंद झाल्यावरच पाय उचलायचा. सगळ्या कामाचे मर्म या शेवटच्या क्रमात आहे. निपल उघडे असताना पाय उचलला गेला, तर पेडल मागे येताना नळीतून, आट्यांतून, जेथून सापडेल तेथून हवा आत ओढते आणि आतापर्यंतची मेहनत पाण्यात जाते.

हे मी पहिल्यांदा केले तेव्हा पेडलवर पुतण्याला बसवले होते. मी निपल उघडताना स्वतःशीच ‘सोडतो’ म्हणायचो, आणि ते ऐकून तो पाय सोडायचा. चाकाजवळून मला त्याचा पाय दिसत नव्हता आणि त्याला माझा पाना. शिवाय पायाखालचे पेडल अचानक खाली गेले की माणूस दचकून पाय उचलतोच; तो म्हणाला, ‘काका, मला वाटलं काहीतरी तुटलं.’ दीड तास बुडबुडे येतच राहिले आणि चूक कोणाची हे आम्हाला कळेना. तेव्हापासून शब्द आधी ठरवून घेतो. ‘दाब’ म्हटले की दाबायचे, दाबून झाल्यावर त्याने ‘धरलंय’ म्हणायचे, आणि ‘वर’ म्हटल्याशिवाय पाय हलवायचा नाही. ‘सोड’ हा शब्द त्या दुपारी कोणीच उच्चारायचा नाही, कारण निपलही सोडतात आणि पेडलही सोडतात. पेडल खाली जाईल, त्यात घाबरण्यासारखे काही नाही, हेही आधीच सांगून ठेवावे.

दर पाच-सहा दाबांनंतर डबी पाहावी. चाकाजवळचा माणूस बुडबुड्यांत गुंगून जातो आणि डबी विसरतो. पातळी खालच्या खुणेखाली गेली की हवा थेट मास्टर सिलिंडरमध्ये शिरते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. म्हणून हे काम मी पेडलवरच्या माणसाकडे देत नाही. तो उतरला की चढला की पाय हलतो. डबीवर झाकण नुसते टेकवून ठेवावे, फिरवून घट्ट करू नये आणि पूर्ण उघडेही ठेवू नये. पेडल जोरात सुटले तर डबीतून ऑइलचा फवारा उडतो, आणि पावसाळी हवेत उघडी डबी बाष्पही ओढते.

नळीत पाहत राहावे. आधी चहाच्या रंगाचे ऑइल येते, मधेच मोहरीएवढे बुडबुडे ओळीने येतात, कधी एखादा मोठा बुडबुडा नळीभर पसरतो, आणि मग हळूहळू रंग फिका होत जातो. नवे, स्वच्छ ऑइल बुडबुड्यांशिवाय येऊ लागल्यावरही आणखी तीन-चार दाब द्यावेत. मागच्या दूरच्या चाकाला दोनशे मिलिलिटरच्या आसपास ऑइल जाते, पुढच्यांना त्याहून कमी. निपल बंद करताना बैठकीवर टेकल्यानंतर थोडेसेच आवळावे. टॉर्क पाना असेल तर गाडीच्या पुस्तिकेत दिलेला आकडा लावावा. लहान गाड्यांत तो बहुधा १० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, म्हणजे मनगटाचा जोर पुरतो, खांद्याचा नको.

चाकांचा क्रम कोणता, यावर गॅरेजमध्ये वाद होतात. जुनी रीत म्हणजे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकाने सुरुवात करणे. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असते, म्हणून मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे. मात्र बहुतेक लहान गाड्यांत ब्रेकची दोन सर्किटे तिरपी असतात : पुढचे उजवे आणि मागचे डावे एकत्र, पुढचे डावे आणि मागचे उजवे एकत्र. अशा काही गाड्यांना कंपनी सर्किटप्रमाणे क्रम देते, तर एबीएसच्या काही गाड्यांचा क्रम आणखी वेगळा असतो. पुस्तिकेत असेल तो क्रम पाळावा. पुस्तिका हाताशी नसेल तर दूरच्या चाकापासूनची रीत सहसा फसवत नाही. पेडल पुरेसे घट्ट आले नाही तर चारही चाकांची आणखी एक फेरी करावी लागते, एवढेच.

एकट्याने करायचे झाल्यास

मदतीला कोणी नसेल तर एकतर्फी झडप बसवलेली नळी मिळते. निपल उघडे ठेवून स्वतः पेडल दाबता येते आणि ऑइल फक्त बाहेरच जाते. तरीही निपलच्या आट्यांतून थोडी हवा आत जाऊ शकते, म्हणून पाय अगदी सावकाश उचलावा. हातपंपाने निपलकडून ओढण्याच्या पद्धतीतही याच आट्यांतून हवा ओढली जाते आणि नळीत न संपणारे बुडबुडे दिसतात. ते ब्रेकमधले नसतात. आट्यांना बाहेरून थोडे रबर ग्रीस लावले की ते कमी होतात. डबीवर दाब देणारे यंत्र असेल तर १ बारच्या पुढे जाऊ नये. घाई नसेल तर निपल उघडून, नळी बाटलीत सोडून, ऑइल आपल्या वजनाने थेंब-थेंब उतरू देणे ही सर्वांत निर्धोक पद्धत आहे. तिला वेळ फार लागतो आणि डबीकडे सतत पाहावे लागते.

क्लच

मारुती ८०० आणि अल्टोसारख्या गाड्यांचा क्लच केबलने चालतो. तेथे हवेचा प्रश्नच येत नाही. हायड्रॉलिक क्लचमध्ये हवा शिरली की पेडलचा पहिला भाग रिकामा जातो, गिअर अडखळत पडतो आणि रिव्हर्स टाकताना खरखर आवाज येतो, कारण पेडल पूर्ण दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाही. ब्रेकचे काम त्याच दिवशी करायचे असेल तर ते आधी उरकून मग क्लचकडे वळावे.

बऱ्याच गाड्यांत क्लचला वेगळी डबी नसते. ब्रेकच्याच डबीच्या बाजूने, तळापासून काहीशा उंचीवरून, एक बारीक रबरी नळी क्लचच्या मास्टर सिलिंडरकडे जाते. क्लच गळला तरी ब्रेकसाठी ऑइल उरावे म्हणून ही उंची ठेवलेली असते. त्याचा दुसरा अर्थ असा, की ब्रेकला पुरेशी वाटणारी पातळी क्लचला कमी पडू शकते. क्लचची हवा काढताना डबी कायम वरच्या खुणेजवळ भरलेली असावी.

स्लेव्ह सिलिंडर (ऑइलच्या दाबाने क्लच हलवणारा सिलिंडर) गिअरबॉक्सवर बाहेरून बसवलेला असेल तर त्याचे निपल सहज सापडते. कधी कधी एअर फिल्टरचा डबा बाजूला करावा लागतो. पद्धत ब्रेकचीच आहे, फक्त एक फरक ध्यानात ठेवावा. निपल उघडून बंद केल्यावर क्लचचे पेडल आपोआप वर येईलच असे नाही. ते खालीच पडून राहिले तर हाताने ओढून वर आणावे. येथे ‘दाब’, ‘धरलंय’, ‘वर’ या शब्दांत शेवटचा शब्द पायापेक्षा हातासाठी असतो. भराभर पंप मारू नयेत. क्लचचे सिलिंडर लहान असतात, जोरात हलवल्याने ऑइलमध्ये फेस होतो आणि तो फेस बसेपर्यंत थांबावे लागते. क्लचचे ऑइल ब्रेकपेक्षा काळपट निघते. सीलच्या रबराची झीज त्यात मिसळलेली असते, त्याने घाबरून जाऊ नये.

इतके करूनही पेडल मऊच राहिले, तर हवा नळीच्या एखाद्या उंच वळणात अडकलेली असते. ती खाली ढकलण्यापेक्षा वर जाऊ देणे सोपे, कारण वर जाणे तिला आवडतेच. स्वच्छ सिरिंजमध्ये नवे ऑइल भरून, तिची नळी हवा न ठेवता निपलवर चढवावी, निपल उघडावे आणि ऑइल अगदी हळू वर ढकलावे. डबीत बुडबुडे येताना दिसतात. आधी डबीतील थोडे ऑइल काढून ठेवले नाही, तर ते इंजिनवर उतू जाते. बाहेरून बसवलेल्या स्लेव्हची दुसरी युक्ती म्हणजे तो सोडवून, त्याचा दांडा हाताने सावकाश आत दाबायचा आणि सावकाश सोडायचा. दर दाबाबरोबर हवा डबीकडे सरकते. स्लेव्ह सुटा असताना पेडलला पाय लागता कामा नये, नाहीतर पिस्टन बाहेर उडून पडतो आणि ऑइलचे डबके होते.

काही गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत, शाफ्टभोवती असतो. त्याचे निपल बाहेरच्या जोडावर असते आणि ते पुष्कळदा प्लास्टिकचे असते. काहींत निपलऐवजी तारेची क्लिप एका खाचेपर्यंत ओढून जोड थोडा बाहेर सरकवावा लागतो. येथे पकडीचा जोर लावू नये. गिअरबॉक्सच्या तोंडाशी खालून ऑइल टपकत असेल, तर आतला स्लेव्ह गेलेला आहे आणि गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय तो बदलता येत नाही. ते घरचे काम नव्हे.

तपासणी

चाके बसवण्यापूर्वी इंजिन बंद ठेवून ब्रेकचे पेडल जोरात दाबून धरावे आणि दुसऱ्याने प्रत्येक निपलभोवती बोट फिरवून ओल पाहावी. मग इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली उतरते, तो बूस्टरचा परिणाम आहे. त्यानंतर अर्धा मिनिट एकसारखे दाबून धरले तर ते खाली सरकता कामा नये. क्लचसाठी इंजिन चालू ठेवून, पेडल पूर्ण दाबून, तीन-चार सेकंद थांबून रिव्हर्स टाकावा. खरखर न करता पडला पाहिजे. पेडल घट्ट झाल्याशिवाय गाडी पार्किंगबाहेर काढू नये. चाकांचे नट आवळून, गाडी खाली उतरवून, आवारातल्या आवारातच चालण्याच्या वेगाने चार-पाच वेळा ब्रेक लावून पाहावा; रस्त्यावर नंतर.

ऑइल लागलेले सगळे भाग पाण्याने धुवावेत. पॅड किंवा लायनरवर ऑइल उडाले असेल तर ते वरवर पुसून भागत नाही, बदलावेच लागतात. निघालेले ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नये. बंद डब्यात भरून, त्यावर ठळक नाव लिहून, जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावे. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ते मुळीच ठेवू नये. ते विषारी असते, आणि घरात मूल असो वा नसो, तहानेच्या घाईत बाटली कोणीही तोंडाला लावतो.

निपलच्या रबरी टोप्या मी त्याच दिवशी बसवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थोडी फिरवून आणल्यावर, डबीची पातळी आदल्या संध्याकाळच्या खुणेशी ताडून पाहतो आणि प्रत्येक निपलभोवती टिश्यू पेपरचा तुकडा फिरवतो. कागद कोरडा निघाला, की निपलच्या भोकात उरलेले ऑइल त्याच कागदाने टिपून टोप्या दाबून बसवतो आणि डबीच्या झाकणाशेजारी चिकटपट्टीवर महिना व वर्ष लिहून ठेवतो.